पहिला चाकू उघडत नव्हता

आमचं जालना सळयांचं गाव.
रात्री एमआयडीसीवर आभाळ तांबूस असतं
आणि मी काट्यावर बसतो :
गाडी भरलेली, गाडी रिकामी,
वजाबाकी करून चिठ्ठी फाडतो.
भंगार येतं कुठून कुठून.
बोअरचे पाइप, वाकड्या सायकली,
दवाखान्याची खाट, एकदा तर शाळेची घंटा.
सगळं भट्टीत. सगळ्याची सळई.

मागच्या फाल्गुनात
एका गाडीच्या फाळक्यातून खाली पडला तो.
बोटाएवढा. पितळी मूठ.
पातं आत मिटलेलं, गंजानं असं धरलेलं
जसे रुसलेल्या माणसाचे ओठ.
मी खिशात टाकला.
चोरीच म्हणा.
वजनात कुठं दिसणार होती?

दस्तगीरभाई मामा चौकात धार लावतो,
सायकल स्टँडवर, जागच्या जागी पायडल मारत.
म्हणाला, फेक दे, मर गया ये.
मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाला,
शौकच करायचा तर आधी कान तयार कर.
चांगला चाकू उघडताना एकदा बोलतो,
मिटताना एकदा.
मधेच कुरकुरणारा घेऊ नको.
पातं डावी-उजवीकडं हलवून बघ,
दाताचा डॉक्टर दात हलवतो तसं.
कमान आणि पाठ एका रेषेत पाहिजे,
नख फिरवलं तर अडकू नये.
चकाकीचं काय,
चकाकतो तर तेलाचा डबापण.

म्हणून दुसऱ्यासाठी दिवाळीपर्यंत थांबलो.
बोनस झाला, संभाजीनगरहून आणला,
लाल मुठीचा, परदेशी, पावतीसकट.
अयोध्यानं पावती वाचली. दोनदा.
एवढ्यात गॅसच्या तीन टाक्या आल्या असत्या, म्हणाली.
मेहुणा म्हणाला, पोलिसानं धरलं
तर माझं नाव सांगू नका, दाजी.

तिसरा अंबडकडच्या बागेतला.
महेबूबचाचा जन्मभर डोळे भरत आले,
जंबेरीच्या खोडावर मोसंबीचा डोळा :
सालीला एक उभी चीर, एक आडवी,
मुठीच्या हाडकी टोकानं साल उचलायची,
डोळा आत सरकवून पट्टी बांधायची.
आता त्यांच्याच डोळ्यांत मोतीबिंदू.
चाकू त्यांनी हातात दिला नाही,
बांधावरच्या दगडावर ठेवला
आणि म्हणाले, तिथून उचल.
हातात दिला की भांडण होतं,
आणि माझं आता भांडायचं वय नाही.
पैसे मात्र हातातच घेतले. मोजून.

पहिला सगळ्यात शेवटी उघडला.
रॉकेलात बुडवून, खोबरेल सोडून,
रोज निजताना केसभर, केसभर हलवून,
एका रात्री. काही न बोलता.
आत पातं असं नव्हतंच फारसं,
घासून घासून उरलेली एक कोर.
कुणी वापरला असेल इतका?
सुपारी, सुतळी, पायातला काटा,
लेकराला काकडीची फोड...
मुठीवर अंगठ्यानं पाडलेला खड्डा होता.
माझा अंगठा ठेवून बघितला.
बसेना.
कुणा डावखुऱ्याचा असणार.

दुसऱ्या दुपारी गाडी नव्हती
तेव्हा तो काट्याच्या मधोमध ठेवून आलो.
साठ टनांचा काटा.
लाल आकड्यात शून्य.
उचलला, तरी शून्य.

घरी आलो तर अयोध्या डब्यापुढं बसलेली,
बिस्किटांच्या, ज्यात तिघांना
मांजरपाटात गुंडाळून ठेवतो मी.
लाल मुठीच्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.
पहिला घेतला, साबणानं दोनदा धुतला,
हुंगला, पुन्हा धुतला,
आणि मोसंबी सोलायला बसली
डाव्या हातानं.
पंगतीत बरं दिसत नाही म्हणून
तिच्या आईनं लहानपणी सोडवलेला तो हात.
साल खाली उतरत गेली, न तुटता,
परातीत वेटोळं घालून बसली.

चौथ्याचा विषय काढणार होतो मी आज.
राहू दे.
ती फोड पुढं करतेय,
डावा हात आहे हे तिच्या लक्षात नाही.